मराठी कविता इंटरनेटवर शोधताना : पाठ कोणता, प्रत कोणती?

मर्ढेकरांची ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ ही कविता इंटरनेटवर शोधायला क्षणभर पुरतो. ती अनेक ठिकाणी दिसते, पण सगळीकडे सारखी असेल असे नाही. कोणी ‘पिपात’ लिहितो, कोणी ‘उंदीर’ करतो, कोणी विरामचिन्हे गाळतो. एम.ए.च्या विद्यार्थ्याला किंवा कवितेवर चार ओळी लिहू पाहणाऱ्या वाचकाला मग प्रश्न पडतो, की यातली मर्ढेकरांची कोणती?

थोडा पुरावा त्या ओळीतच आहे. तिच्या मात्रा मोजून पाहा. पि-पां-त चार, मे-ले चार, ओ-ल्या चार, उं-दि-र चार. एकूण १६. आता ‘उंदिर’चा ‘उंदीर’ करा, की मात्रा १७ होतात आणि ओळ अडखळते. ज्याने शुद्धलेखन सुधारले त्याने वृत्त मोडले. ‘पिपांत’वरच्या अनुस्वाराची गोष्ट वेगळी आहे. तो काढला तरी मात्रा तेवढ्याच राहतात, पण अर्थ हलतो. आज आपण ‘घरांत’ हे अनेक घरांसाठी लिहितो. जुन्या लेखनपद्धतीत एकाच घरासाठीही ‘घरांत’ असेच लिहीत. म्हणजे मर्ढेकरांच्या ओळीत पीप एक आहे की अनेक, हे नुसत्या त्या अनुस्वारावरून ठरत नाही. आजच्या वाचकाला मात्र तो सरळ अनेकवचन वाटतो.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो. कविता सापडणे वेगळे आणि कवितेचा पाठ सापडणे वेगळे. पाठ म्हणजे कवीने लिहिलेला किंवा एखाद्या ठरावीक आवृत्तीत छापलेला नेमका मजकूर. इंटरनेटवर कवितांचा तुटवडा नाही. ‘हे कोणत्या पुस्तकातून, कोणत्या आवृत्तीतून घेतले?’ या प्रश्नाचे उत्तर देणारी पाने मात्र थोडी आहेत. ती कुठे आहेत आणि त्यांच्यापर्यंत कसे पोचायचे, ते पुढे पाहू.

शोधपेटीत काय टाकायचे

मराठीत शोध घेताना पहिली अडचण लेखनाचीच येते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले. त्यानंतर न उच्चारले जाणारे अनुस्वार छापील मजकुरातून गेले. त्याआधीच्या पुस्तकात ‘आतां’, ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘करणें’ असेच मिळणार. मर्ढेकरांचा १९४७चा संग्रह आज आपण ‘काही कविता’ म्हणून ओळखतो, पण जुन्या सूचीत तो ‘कांहीं कविता’ असू शकतो. मोठी शोधयंत्रे असे फरक बऱ्याचदा सांभाळून घेतात. एखाद्या ग्रंथालयाची किंवा संग्रहाची स्वतःची शोधपेटी सहसा सांभाळून घेत नाही. तिथे दोन्ही रूपे टाकून पाहावीत.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतला अर्धा र संगणकात दोन-तीन तऱ्हांनी साठवला जातो. पडद्यावर अक्षर एकच दिसते, आतले संकेत वेगळे असतात. त्यामुळे शब्द समोर असूनही शोध रिकामा येतो. अशा वेळी तो अर्धा र नसलेला, ओळीतला दुसराच शब्द घेऊन शोधावे. जुन्या पीडीएफमधून मजकूर उचलला आणि भलतीच चिन्हे उमटली, तर ती फाइल युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये केलेली असते. तिच्यात शोध चालणार नाही, पाने डोळ्यांनीच चाळावी लागतील.

तिसरी अडचण नावांची. आपले कवी टोपणनावांनी ओळखले जातात आणि सूचीकार कधी खरे नाव घेतात, कधी टोपणनाव. ‘बी’ या कवीचा शोध ‘बी’ टाकून कसा लागणार? ‘नारायण मुरलीधर गुप्ते’ टाका किंवा सरळ त्यांच्या संग्रहाचे नाव टाका, ‘फुलांची ओंजळ’. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी, अनिल म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, आरती प्रभू म्हणजे चिंतामण त्र्यंबक खानोलकर, ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे. दोन्ही नावांनी शोधले नाही, तर पुस्तक असूनही ते नाही असे वाटून तुम्ही परत फिराल.

पुस्तकाचे पान डोळ्यांसमोर हवे

माझ्या मते कवितेच्या अभ्यासासाठी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे छापील पानाचे चित्र. टंकलेला मजकूर कितीही देखणा असला तरी तो कोणीतरी पुन्हा लिहिलेला असतो. स्कॅन केलेल्या पानावर ओळी कुठे तुटतात, कडव्यांमध्ये किती जागा आहे, तळटीप काय सांगते, हे सगळे जसेच्या तसे राहते.

अशी पाने सर्वांत जास्त सापडतात ती इंटरनेट आर्काइव्हवर. भारतातल्या ग्रंथालयांतली जुनी पुस्तके ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या उपक्रमात स्कॅन झाली होती, त्यांतली पुष्कळशी आता तिथे आहेत. मराठी पुस्तकांचा साठा मोठा आहे, मात्र नोंदी बऱ्याच विस्कळीत आहेत. शीर्षके रोमन लिपीत आणि त्यांचे लेखन मनाला येईल तसे, ‘आ’साठी कुठे एक ए तर कुठे दोन. लेखकाच्या जागी संपादकाचे नाव, प्रकाशनवर्षाच्या जागी भलताच आकडा. त्यामुळे देवनागरीत शोधून काही मिळाले नाही म्हणून थांबू नका. रोमनमध्ये तीन-चार तऱ्हांनी शोधा आणि भाषेची चाळणी मराठीवर ठेवा. पुस्तक उघडले की आधी मुखपृष्ठामागचे पान पाहायचे. आवृत्ती कितवी, वर्ष कोणते, संपादक कोण, हे त्या पानावरून टिपून घ्यायचे, संकेतस्थळावरच्या नोंदीवरून नाही.

रोमन लिपीत शोधण्याचे आणखी एक कारण गोव्याकडे आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ हे मराठी ओवीबद्ध काव्य १६१६ साली छापले गेले ते रोमन लिपीतच. त्या पहिल्या आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरहून काढलेली आवृत्तीही रोमन लिपीतच आहे आणि ती ऑनलाइन वाचता येते. देवनागरीतूनच शोधत राहिलो, तर मराठीतले एवढे मोठे काव्य नजरेतून सुटेल.

मराठी विकिस्रोत हे दुसरे ठिकाण, आणि ते कसे वाचायचे हे थोडे समजून घ्यायला हवे. तिथल्या चांगल्या पुस्तकांत एका बाजूला स्कॅन केलेले पान आणि दुसऱ्या बाजूला स्वयंसेवकांनी टंकलेला मजकूर असतो. प्रत्येक पानाला रंग असतो. लाल म्हणजे अजून तपासले नाही, पिवळा म्हणजे एकाने तपासले, हिरवा म्हणजे दुसऱ्यानेही ताडून पाहिले. हिरव्या पानावरची ओळ निबंधात घ्यायला हरकत नाही, लाल पानावरची ओळ घेण्याआधी शेजारचे चित्र पाहावे. विकिस्रोतावरच्या काही जुन्या मजकुरांमागे स्कॅन नाही. ते कोणीतरी कधीतरी कुठून तरी आणून ठेवलेले आहेत. असा मजकूर वाचायला उपयोगी पडतो, पाठ म्हणून त्याचा हवाला देऊ नये.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी प्रकाशने पीडीएफ स्वरूपात मोफत ठेवली आहेत, आणि राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ ग्रंथ संगणकावर आणले आहेत. ही दोन नावे विद्यार्थ्यांना फार कमी माहीत असतात याचे मला वाईट वाटते. इथे संपादित, प्रस्तावनेसह छापलेली पुस्तके मिळतात आणि त्यांच्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

स्कॅनवरून मजकूर काढायला आता मोबाइलवरही साधने आहेत. ती वापरा, पण घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, व आणि ब या जोड्या एकदा नजरेखालून घाला. यंत्र तिथेच चुकते. चॅटबॉटकडून पूर्ण कविता मागण्याच्या फंदात मात्र पडू नका. तो पुष्कळदा कवीच्याच वाटाव्यात अशा ओळी रचून देतो, आणि त्या कवीच्या नसतात.

संतसाहित्याला एकच प्रत नसते

‘तुकारामांचा अभंग क्रमांक अमुक’ असे लिहिलेले आपण नेहमी वाचतो. कोणत्या गाथेतला क्रमांक? इंदुप्रकाश छापखान्याने १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत काढलेली गाथा आहे, वारकरी परंपरेतल्या वेगवेगळ्या गाथा आहेत, १९५०ची शासकीय गाथा आहे. या गाथांत अभंगांची संख्या, त्यांचा क्रम आणि काही शब्दही वेगळे असतात. एखाद्या ऑनलाइन संग्रहात गाथेचे नावच दिले नसेल, तर तिथला क्रमांक तुमच्या निबंधात निरर्थक ठरतो. अशा वेळी अभंगाची पहिली ओळ द्यावी आणि क्रमांकापुढे गाथेचे नाव लिहावे.

ज्ञानेश्वरीचेही तसेच आहे. १२९०चा हा ग्रंथ. पाठ बिघडले म्हणून एकनाथांनी १५८४ साली तो शोधून शुद्ध केला. पुढे वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली त्यांना मिळालेल्या एका जुन्या पोथीवरून वेगळी प्रत छापली. राजवाडे प्रतीतली भाषा आणि घरोघरी वाचल्या जाणाऱ्या सार्थ ज्ञानेश्वरीतली भाषा शेजारी ठेवून पाहिली, की फरक जाणवतो. पाठभेदांवर चारशेहून अधिक वर्षे विचार करणाऱ्या भाषेत आपण अभ्यास करतो आहोत. इंटरनेटवर आलो म्हणून तो विचार सोडून देण्याचे काही कारण नाही.

नुसते वाचायचे, पाठ करायचे, एखादी ओवी पटकन शोधायची असेल, तर ‘ट्रान्सलिटरल’ या संकेतस्थळासारखे मोठे संग्रह फार सोयीचे आहेत. संतांपासून आधुनिक कवींपर्यंत बरेच काही तिथे एकाच ठिकाणी सापडते. ओळ तिथे शोधावी आणि ताडून पाहावी छापील आवृत्तीत.

शब्द अडला तर

जुनी कविता वाचताना पानोपानी शब्द अडतात. यासाठी शिकागो विद्यापीठाचा दक्षिण आशियाई कोशांचा संग्रह हा माझ्या मते मराठी अभ्यासकाला मिळालेला सर्वांत मोठा ऑनलाइन ठेवा आहे. मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, हे सगळे तिथे खुले आहेत आणि त्यांच्यात शोधता येते. पुण्यातल्या विद्यार्थ्याला जे मिळते तेच सिंगापूरच्या किंवा न्यू जर्सीच्या मराठी वाचकालाही मिळते.

तीन कोशांचा उपयोग तीन वेगळ्या कामांना होतो. तुळपुळे-फेल्डहाउस घ्यायचा तो यादवकाळातल्या मराठीसाठी, म्हणजे महानुभाव गद्य आणि ज्ञानेश्वरी यांच्यासाठी. मोल्सवर्थमध्ये एकोणिसाव्या शतकातली बोलती मराठी आहे, म्हणी आणि वाक्प्रचारांसह. दाते-कर्वे सर्वांत खोल. त्यात अर्थापुढे वापराचे उदाहरण येते आणि उदाहरणापुढे संक्षेप: ‘ज्ञा’ म्हणजे ज्ञानेश्वरी, ‘तुगा’ म्हणजे तुकारामांची गाथा, ‘दा’ म्हणजे दासबोध, ‘एभा’ म्हणजे एकनाथी भागवत. म्हणजे एक शब्द पाहिला, की तो आधी कोणी कसा वापरला याचा मागही हाती येतो. मर्ढेकरांसारख्या कवीच्या ओळीत एखाद्या जुन्या शब्दामागे संतांचा आवाज ऐकू येतो असे वाटले, तर तो भास आहे की खरेच काही आहे, हे इथे तपासता येते.

शोधताना एवढे लक्षात ठेवा, की मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे १९६२च्या आधीचे लेखन पाळतात. क्रियापद पाहायचे तर ‘तोषावें’ टाकून मिळणार नाही, ‘तोषणें’ टाकावे लागेल, शेवटच्या अनुस्वारासह.

वृत्ताचा प्रश्न आला तर माधव जूलियन यांचा ‘छंदोरचना’ हा ग्रंथ शोधा. मराठी वृत्तांवर एवढे बारकाईने केलेले दुसरे काम मला माहीत नाही. वर आपण मर्ढेकरांच्या ओळीच्या मात्रा मोजल्या, ती पद्धत पक्की करायची तर हाच ग्रंथ धरावा.

कवी, काळ आणि समीक्षा

चरित्र, कालखंड, वाङ्मयप्रकार यांसाठी मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत उभे केलेले हे काम आता ऑनलाइन मोफत आहे. तिथल्या नोंदीच्या शेवटी बहुधा संदर्भग्रंथ आणि नोंद लिहिणाऱ्याचे नाव असते. एखाद्या कवीवर काय काय वाचावे याची पहिली यादी तिथूनच घ्यावी. मूळ खंड १९७६पासून पुढे टप्प्याटप्प्याने निघाले, त्यामुळे नोंद ज्या काळात लिहिली तिथेच ती थांबलेली असू शकते. कवीचे पुढचे संग्रह, पुढची समीक्षा तिथे शोधू नका.

पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर आहेत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा हा संग्रह, त्यात मराठी विभागांतले प्रबंधही पुष्कळ. दर्जा सारखा नाही, काही प्रबंध अतिशय चांगले, काही नुसती जुळवाजुळव. प्रबंध उघडला की आधी शेवटची संदर्भसूची पाहावी. तीन-चार प्रबंधांत तेच लेख पुन्हा पुन्हा आलेले दिसले, की त्या विषयातले मुख्य लेखन कोणते ते कळते. मग प्रबंध बाजूला ठेवून ते मूळ लेख मिळवावेत.

त्या मूळ लेखांपैकी पुष्कळ नियतकालिकांत दडलेले असतात. साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाचे जुने अंक ऑनलाइन पाहता येतात, ही मोठीच सोय झाली आहे. कविता पहिल्यांदा कुठे छापली, तिच्या शेजारी काय छापले होते, वाचक त्यावर काय म्हणाले, हे फक्त अंकातच कळते. मर्ढेकरांची उंदरांची कविता बडोद्याहून निघणाऱ्या ‘अभिरुची’त आली आणि तिच्यावर किती गदारोळ झाला, हे आज संग्रहातले पान पाहून उमगत नाही.

कानांनी वाचायची कविता

सगळी कविता कागदावर जन्मली नाही. जात्यावर दळताना बायकांनी गायलेल्या ओव्या हा मराठीतला केवढा मोठा साठा आहे, हे पाहायचे असेल तर ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, या संकेतस्थळावरचा ओव्यांचा प्रकल्प उघडा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७पासून त्या ‘पारी’वर येऊ लागल्या. अनेक ओव्यांसोबत गाणारीचा आवाज आहे, तिचे नाव आहे, गाव आहे. लोककवितेच्या पुस्तकात ‘एका स्त्रीने गायलेली ओवी’ एवढेच वाचून ज्यांना चुटपुट लागत असे, त्यांनी हे जरूर ऐकावे.

बहिणाबाई चौधरींची कविताही तोंडीच जन्मली. इतरांनी ती उतरून घेतली आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. तिची भाषा खानदेशातली आहे. इंटरनेटवर टंकताना कोणी नकळत ती प्रमाण मराठीकडे ओढतो, आणि एक स्वर बदलला तरी तो आवाज बदलतो. शिवाय १९६१च्या ‘मानिनी’ चित्रपटामुळे यांतल्या काही कविता गाणी म्हणून घरोघरी पोचल्या. गाण्यात सगळी कडवी येत नाहीत. ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ गीतांसाठी उत्तम आहे. कवी, संगीतकार, गायक अशा सगळ्या अंगांनी तिथे शोधता येते. पण गायलेले गीत म्हणजे पूर्ण कविता असे धरू नका. भावगीत झालेल्या कोणत्याही कवितेबाबत संग्रह उघडून कडवी मोजावीत.

कवींचा स्वतःचा आवाज ऐकायचा तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने केलेला दक्षिण आशियाई लेखकांच्या वाचनांचा ध्वनिसंग्रह आहे, त्यात मराठीही आहे. कवी कुठे थांबतो हे ऐकून ओळीचा अर्थ कधी कधी एकदम उलगडतो.

काय मोफत मिळते आणि काय नाही

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरचे वर्ष सुरू झाले, की तिथून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. केशवसुत १९०५ साली गेले, बालकवी १९१८ साली, गडकरी १९१९ साली. त्यांच्या कविता खुल्या आहेत. मर्ढेकर २० मार्च १९५६ रोजी गेले, म्हणून १ जानेवारी २०१७पासून त्यांच्या हयातीत छापलेल्या कविताही खुल्या झाल्या. मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या लेखनाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. मात्र एखाद्या नव्या आवृत्तीला जोडलेली प्रस्तावना किंवा टीपा त्या-त्या संपादकाच्या असतात, त्यांचा हिशेब वेगळा.

कुसुमाग्रज १९९९ साली गेले, कोलटकर २००४ साली, विंदा २०१० साली, ढसाळ २०१४ साली. यांचे अख्खे संग्रह पीडीएफ करून फिरवणे कायद्याने चूक आहेच, शिवाय मराठी कवितेच्या प्रकाशकांचे आधीच कठीण असलेले गणित त्याने आणखी बिघडते. अभ्यासासाठी आणि समीक्षेसाठी रास्त प्रमाणात ओळी उद्धृत करायला कायदा मुभा देतो, तेवढ्याने निबंध लिहिता येतो. पुस्तक विकत घ्या किंवा ग्रंथालयातून आणा.

ग्रंथालयात जाण्याआधी आणखी एक साधन हाताशी असावे. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’. शब्दकोशाचे दाते म्हणजे यशवंत रामकृष्ण दाते, ते वेगळे. शंकर गणेश हे सूचीकार. त्यांनी १८०० ते १९५० या काळातल्या मराठी छापील ग्रंथांची नोंद दोन खंडांत केली. इंटरनेटवर शोध घेऊनही पुस्तक हाती लागत नसेल, तर ते मुळात कोणत्या नावाने, कोणत्या साली, कुठून छापले गेले हे दात्यांच्या सूचीत पाहा. ते नाव आणि ते साल घेऊन पुन्हा शोधा. तरी नाहीच मिळाले, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या किंवा तुमच्या शहरातल्या जुन्या ग्रंथालयात नेमकी तीच नोंद दाखवून विचारा.